न दिसलेला बिबट्या

जंगलात मला काही दिसत नाही, हे कबूल करायला मी चार पावसाळे घेतले. आता कुणालाही बिनदिक्कत सांगते, आणि सांगून टाकलं की बरं वाटतं. पण त्या चार पावसाळ्यांत मी जे जे खोटं बोलले, त्यातलं एक खोटं अकरा पोरांच्या शाळेवर जाऊन बसलं. म्हणून हे लिहायला घेतलंय.

मी चिखल्याची. दाराशी समुद्र, मागे चिकूची वाडी. पाटीतला कालचा बोंबील कुठला आणि आजचा कुठला हे मी रस्त्याच्या पलीकडून सांगते. २०१४ च्या जूनमध्ये माझी बदली गंजाडच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका छोट्या शाळेत झाली, तेव्हा घरच्यांनी मला बिबट्या, साप आणि जळवा या तिघांची भीती घातली. मी म्हटलं, मी काय घाबरते काय! घाबरत होतेच. पण माझा स्वभावच असा आहे की जे येत नाही ते येतं म्हणायचं आणि मग रात्रीचा दिवस करून शिकायचं. गणितात हे जमलं, शिवणकामात जमलं. जंगलात जमलं नाही.

शाळेत आम्ही दोघं शिक्षक. दुसरे गुरुजी तलासरीहून मोटारसायकलने यायचे. एरवी संध्याकाळी ते मला फाट्यापर्यंत सोडायचे, पण शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्यांना घरची ओढ लागायची. माझी डहाणूची एसटी फाट्यावर यायला मात्र दोन तास असायचे. ते दोन तास मी मावशींबरोबर रानातून चालत काढायची. मावशी म्हणजे आमच्या शाळेत पोरांचा पोषण आहार शिजवणाऱ्या बाई. वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, अंगाने काटक, बोलायला मोजक्या. शाळेमागून साग, ऐन आणि कुड्याच्या झाडांतून एक पायवाट निघते, एका ओहोळात उतरते आणि पलीकडे चढली की मावशींचा पाडा लागतो. पाड्याखाली डांबरी रस्ता आणि तिथेच माझा फाटा. मावशींना मी सोबत, मला मावशी सोबत.

पावसाळ्यात ही वाट चालणं म्हणजे एका हातात छत्री, एका हातात चपला. मावशी डोक्यावर प्लास्टिकचं इरलं घेऊन पुढे, मी मागे. त्या चालता चालता थबकायच्या, मान न वळवता हळूच म्हणायच्या, "बगा." आणि हात वर करून बोट दाखवायच्या. पण बोट सरळ नाही, दुमडलेलं. कोवळ्या काकडीला सरळ बोट दाखवलं की काकडी कुजते, हे आमच्याकडेही लहानपणी सांगत. मावशींनी तो नियम रानातल्या प्रत्येक जिवाला लावला होता. पाखरू असो, ससा असो, सरळ बोट रोखायचं नाही, त्याचं वाईट होतं. आता दुमडलेल्या बोटाने दाखवलेली गोष्ट कुठे शोधायची? बोटाचा सांधा आकाशाकडे, नख जमिनीकडे आणि पुढे हिरवंच हिरवं, त्यावर पाऊस. मी डोळे बारीक करून बघायची.

"दिसलं?"

"दिसलं."

पहिल्यांदा हे "दिसलं" मी सौजन्य म्हणून म्हटलं. बाई पावसात उभी राहून आपल्याला दाखवतेय, तिला किती ताटकळत ठेवायचं? दुसऱ्यांदा सवयीने म्हटलं. त्यानंतर मागे फिरायची सोय राहिली नाही. मी तर पुढे जाऊन एक वहीच सुरू केली. डहाणूच्या बाजारातून जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि दर शनिवारी एसटीत बसून लिहायची: आज नवरंग पक्षी दिसला. आज भेकर दिसलं, मादी असावी. आज हरणटोळ साप, कुड्याच्या फांदीवर. यातलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं किती? ओहोळातले खेकडे, वाटेवरच्या गोगलगायी आणि हात लावला की वेटोळं करणारे ते काळे-लाल किडे. ते पायाखाली असायचे आणि हलायचे हळू, म्हणून दिसायचे. बाकी सगळं मावशींनी पाहिलेलं, मी नुसतं उतरवून घेतलेलं. वर ती वही मी केंद्राच्या बैठकीत इतर शिक्षिकांना दाखवत असे. त्या म्हणायच्या, तुमची नजर काय हो तयार झाली! मी मान खाली घालून हसायची, आणि त्यालाही विनय समजलं जायचं.

२०१७ च्या श्रावणातला एक शनिवार. पाऊस जोराचा नव्हता, पण थांबतही नव्हता. आम्ही ओहोळाच्या काठाशी आलो आणि मावशी एकदम उभ्या राहिल्या. या वेळी "बगा" म्हणाल्या नाहीत. माझा दंड धरला, तोही असा की बोटं रुतली. दुसऱ्या हाताचं दुमडलेलं बोट पलीकडच्या काठावरच्या मोठ्या खडकाकडे गेलं. खडकाखाली पोकळी आहे, तिच्या तोंडाशी झुडपांची दाटी. हळू आवाजात म्हणाल्या, "दिसलं काय?"

मला ओला खडक दिसला, ओली झुडपं दिसली. पण दंड इतका घट्ट धरला म्हणजे काहीतरी मोठं असणार, असा मी अंदाज बांधला आणि शहाण्यासारखी कुजबुजले, "बिबट्या."

मावशींचे डोळे मोठे झाले. मला तसंच मागे ओढत वर नेलं आणि आम्ही लांबच्या डांबरी रस्त्याने, दीड तास चालून पाड्यावर पोचलो. माझी एसटी गेली, पण त्याचं कुणाला काही नव्हतं. मावशींचे सासरे, पाड्यातले सगळ्यांत जुने माणूस, ओट्यावर बसले होते. मावशींनी त्यांना त्यांच्या बोलीत सांगितलं की दोघींनी ओहोळाशी बिबट्या पाहिला आणि त्यांनी मान वर करून मला विचारलं, "बाई, तुमी बगितला?"

"हो."

"दिवसाढवळ्या? पावसात?" म्हाताऱ्याने थोडा विचार केला. "असा उघड्यावर नाय बसत तो. पिल्लां होती काय?"

इथे "माहीत नाही" म्हणता आलं असतं. आजही तो क्षण आठवला की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. समोर सात-आठ माणसं जमली होती, सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "दोन."

म्हाताऱ्याने हात जोडले, मला नाही, ओहोळाच्या दिशेला. मग सगळ्यांना सांगितलं की ती बाळंतीण आहे, बाळंतिणीच्या वाटेला कुणी जायचं नाही. त्या अंगाला गुरं न्यायची नाहीत, लाकडं-भाजी आणायची नाही, आणि पोरांनी तर ओहोळ ओलांडायचाच नाही. भात पोटरीला येईपर्यंत. म्हणजे दीडेक महिना. माणसांनी माना डोलावल्या. कुणी कुरकुर केली नाही. मला वाटलं होतं, बिबट्या म्हटल्यावर आरडाओरडा होईल, फटाके लावतील, कुणाकुणाला फोन जातील. त्याऐवजी त्यांनी तिला रानाचा तेवढा तुकडा देऊन टाकला. मला ते इतकं आवडलं की संध्याकाळच्या गाडीत बसल्यावर मी वहीत दोन पानं लिहिली. खोटं आपलंच आहे हे तेवढा वेळ मी विसरूनच गेले होते.

सोमवारी आठवण झाली. त्या पाड्याची अकरा मुलं शाळेत येतात. हजेरी घेताना अकरा नावांपुढे उत्तर आलं नाही. हजेरीनंतर मावशी आल्या, डांबरी रस्त्याने, गुडघ्यापर्यंत भिजून, आणि चूल उशिरा पेटली. त्या अकरांतली फक्त त्यांची नात त्यांच्याबरोबर आली होती, दुसरीतली. दीड तास चालून आलेलं ते सात वर्षांचं पोर फळ्यासमोर बसल्या बसल्या झोपलं आणि जेवताना हातातला घास तसाच राहिला. बुधवारपासून ती तापाने फणफणली आणि तिचंही येणं थांबलं.

या मुलीबद्दल सांगायला हवं. पहिलं वर्ष तिने एक अक्षर तोंडातून काढलं नव्हतं. घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी, त्यात माझा आवाज मोठा. त्या जूनमध्ये एकदम काय झालं कोण जाणे, ती वाचायला लागली. काना, मात्रा सगळं जमलं आणि नुकतीच आम्ही जोडाक्षरांना हात घातला होता. शिक्षकाला विचारा, ही वेळ कशी असते. या वेळी महिनाभर खंड पडला की मूल परत पहिल्या पायरीवर जातं, आणि काही मुलं मग पुन्हा चढतच नाहीत. मी तशी दोन पाहिली होती. आणि आता हे मी स्वतःच्या हाताने करत होते, कशासाठी, तर चारचौघांत "दिसलं नाही" म्हणायला लाज वाटली म्हणून.

तरी मी बोलले नाही. माझ्या डोक्यात एक पळवाट होती: बिबट्या तर मावशींनी पाहिलाच आहे, खोटी असतील ती फक्त पिल्लं. मग मी तरी काय करणार? दुसरी पळवाट डोळ्यांची. मला वाटलं, माझी नजरच अधू असेल तर हा गुन्हा नाही, आजार आहे. एका गुरुवारी शाळा सुटल्यावर डहाणू स्टेशनजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावली, ती मी घडाघड वाचली. "एकदम फर्स्ट क्लास आहेत डोळे," ते म्हणाले. इतकी वाईट बातमी मला त्या वर्षात दुसरी मिळाली नाही.

तिसऱ्या शनिवारी शाळा सुटली. मावशी कढई घासत होत्या. मी त्यांना न सांगता शाळेमागच्या पायवाटेला लागले. काय ठरवलं होतं? मादी तिथून गेली असेल तर वाट मोकळी झाली असं पाड्यावर सांगायचं, आणि असेल तर निदान एकदा खरोखर बघून यायचं, म्हणजे खोट्याचं खरं होईल. विचार वेडगळ होता, पण पाय चालत होते. वाटेत दोनदा मागे फिरले आणि दोनदा परत पुढे आले.

ओहोळाच्या अलीकडे एका ऐनाच्या बुंध्याला टेकून मी उभी राहिले. पाऊस उघडला होता, झाडांचंच पाणी गळत होतं. पलीकडे तो खडक, ती पोकळी. मी बघत राहिले. आणि मला जाणवलं की इतक्या वर्षांत जंगलात मी पहिल्यांदाच नुसती उभी आहे. कुणी "दिसलं?" विचारत नव्हतं, त्यामुळे उत्तराची घाई नव्हती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काठाच्या मातीत एक भोक होतं. त्यातून एक चिमुकला पक्षी सुटला, केशरी आणि जांभळा, आणि पाण्यावरून असा गेला की मी तोंडावर हात ठेवला. थोड्या वेळाने चोचीत काहीतरी घेऊन परत आला आणि भोकात शिरला. तिबोटी खंड्या. माझ्या वहीत तो तीन वेळा लिहिलेला होता.

मग झुडूप हललं. मी ऐनाचा बुंधा दोन्ही हातांनी धरला, खोटं कशाला सांगू. पोकळीच्या तोंडाशी पानं बाजूला झाली आणि एक चपटं डोकं बाहेर आलं. मागून लांब अंग, सावकाश. दोन हात लांबीची घोरपड. जीभ आत-बाहेर करत ती खडकावर चढली आणि पोट टेकून पसरली, जणू तो खडक तिच्या आजोबांनी तिच्या नावावर करून ठेवला होता. बिबट्याच्या बिळात घोरपड अशी निवांत राहत नसते, एवढं मलाही कळत होतं.

"बाई!"

मी दचकून वळले. मागे मावशी उभ्या होत्या, इरलं न घेता, धापा टाकत. चेहरा रागाने लाल झालेला. "एकट्या आल्यात? बाळंतिणीकडं?"

आणि माझा बांध फुटला. "बाळंतीण नाहीच मावशी. पिल्लं नव्हती. मला त्या दिवशी काहीच दिसलं नव्हतं. मला कधीच काही दिसत नाही. तुम्ही दाखवता आणि मी हो म्हणते. चार वर्षं." हे म्हणताना मी रडत होते आणि त्याच वेळी मला इतकं हलकं वाटत होतं की पुढे काय होईल याची पर्वा नव्हती.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग घोरपडीकडे बघितलं. मग खाली दगडावर बसल्या.

"मला पण नाय दिसला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"वाघ." त्यांच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. "मी झाड हललेलं बगितलं. एवडं मोठं हललं म्हणून भ्याले. तुमाला विचारलं, दिसलं काय. तुमी बोलल्या, बिबट्या. मी म्हटलं, बाईंची नजर चांगली, त्यांना दिसला."

"मग घरी का सांगितलं तुम्ही, दोघींनी पाहिला म्हणून?"

"तुमी बोललेल्या ना. तुमचा शब्द खाली कसा पाडू?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि हसायला लागलो. आधी मी, मग मावशी पदर तोंडात कोंबून. पोट दुखेपर्यंत हसलो. घोरपड कंटाळून आत निघून गेली. चार वर्षांत मावशींना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. पण हसून झाल्यावर त्यांनी पाड्याच्या दिशेला बघितलं, कारण आता सासऱ्यांना सांगायचं होतं. मी म्हटलं, मी सांगते, दोष माझा आहे, तुमचं नाव येऊ देणार नाही.

ओहोळ ओलांडून आम्ही सरळ पाड्यावर गेलो. म्हातारबुवा ओट्यावर दोरी वळत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, पिल्लांसकट. ते दोरी वळत राहिले. माझं संपलं तेव्हा म्हणाले, "बसा. मला ठावं हाय."

"तुम्हाला कसं?"

"दुसरे दिवशीच जाऊन आलो. लांबून. ठसा नाय, वास नाय, हाडूक नाय. बाळंतीण असती तं वांदरां वरडली असती."

"मग तुम्ही पोरांना शाळेत का पाठवलं नाही आजोबा? तीन आठवडे झाले."

त्यांनी दोरी मांडीवर ठेवली. "पोरांना काय सांगू? बाई खोटं बोलल्या? मग शाळेत तुमचं कोण ऐकंल?" नंतर मला धीर द्यावा तसं म्हणाले, "आता सांगतो, ती पिल्लां घेऊन गेली. सोमवारी येतील पोरां."

मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले. फाट्यावर एसटी वेळेवर आली, खिडकीची जागा मिळाली आणि डहाणू येईपर्यंत मी एखाद्या आजारातून उठल्यासारखी शांत बसून होते. कुणाला काही झालं नव्हतं. बिबट्या नव्हता. मुलं येणार होती. माझी अब्रूसुद्धा शाबूत होती, म्हाताऱ्याने ती व्यवस्थित घडी घालून परत दिली होती.

पण रविवारभर ती घडी मला टोचत राहिली. माझं पोरांनी ऐकावं म्हणून त्या माणसाने पोरांनाच माझ्यापासून तीन आठवडे लांब ठेवलं होतं. त्याच्यावर रागावू म्हटलं तर राग येईना. माझा शब्द त्याला पणतीच्या वाचण्याएवढा मोलाचा वाटला होता, आणि मी तो शब्द कसा वापरला होता ते मलाच माहीत.

सोमवारी सकाळी अकराच्या अकरा मुलं ओहोळाच्या वाटेने आली, चिखलाने माखलेली, प्रत्येकाच्या तोंडी तेच. "बाई, ती गेली." "बाई, पिल्लां केवढी होती?" "बाई, डोळे उघडलेले काय त्यांचे?" सगळ्यांच्या मागे दुसरीतली ती मुलगी, तापाने थोडी वाळलेली, हसत. उत्तर देणं किती सोपं होतं! मांजराएवढी होती म्हटलं असतं की काम झालं. मावशी चूल सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत दोन वाक्यं लिहिली. मग त्या मुलीला उभी केली.

ती फळ्याजवळ गेली. पहिल्या शब्दाला अडखळली. मग तिने मान तिरकी केली आणि सुरू झाली, "बाईंना... बिबट... बिबट्या... दिसला नाही." तिने दुसरी ओळ घेतली, या वेळी न थांबता. "बाई खोटं बोलल्या."

वाचून तिने माझ्याकडे पाहिलं, आपलंच काहीतरी चुकलं असणार अशा चेहऱ्याने. परत फळ्याकडे वळली, एकेक अक्षर तपासत ओळ पुन्हा वाचली आणि घाबरून माझ्याकडे बघत उभी राहिली.

"बरोबर वाचलंस," मी म्हटलं.